घेतला वसा : रिव्हर्ब ट्रॅकवर कायमचा कसा छापावा

लागणारं सामान : एक लॅपटॉप, एक माइक, ऑडॅसिटी (फुकट मिळतं) आणि गाणारं एक माणूस, शक्यतो नात्यातलं. नात्यातली माणसं पैसे मागत नाहीत. पुढे काय काय ऐकवतात, ते शेवटी येईलच.

आधी पंखा बंद करा. विसरलात तरी हरकत नाही, नॉइज रिडक्शन आहे. गाणं सुरू होण्याआधीचा शांत तुकडा निवडून ‘हा आमचा पंखा’ अशी सॉफ्टवेअरला ओळख करून द्यायची, मग अख्खा ट्रॅक निवडून तो आवाज कमी करायचा. एकसारखी घरघर यात बऱ्यापैकी जाते. कुकरची शिट्टी जात नाही; ती ओळखीत नव्हतीच. स्लायडर जास्त पुढे ढकलला तर गाणारी व्यक्ती पाण्याच्या टाकीत तोंड घालून गातेय असं वाटू लागतं. ढकलाच. नवशिके आहात, आणखी कधी ढकलणार?

आता मुख्य विधी. २०२२ मध्ये ३.२ आवृत्ती येईपर्यंत ऑडॅसिटीत इफेक्ट लावायचा म्हणजे तो ट्रॅकवर छापायचाच. आता ‘इफेक्ट्स’चं वेगळं बटण आहे. तिथून लावलेला इफेक्ट फक्त वाजवताना चढतो, मूळ आवाज खाली कोरडाच राहतो. महिन्याभराने मत बदललं तर इफेक्ट काढून टाकता येतो. लॅपटॉप धापा टाकायला लागला की मगच ‘मिक्स अँड रेंडर’ करून छापायचं, असं जाणती माणसं सांगतात.

आपण जाणते नाही. वरच्या मेनूत जा, रिव्हर्ब निवडा, ‘अप्लाय’ दाबा. मूळ आवाज गेला, नवा आला.

मोठ्यांचा दाखला हवा असेल तर बीटल्सचा घ्या. १९६७ चा ‘सार्जंट पेपर’ चार ट्रॅकच्या टेपयंत्रांवर झाला. चारही भरले की ते एकत्र करून दुसऱ्या यंत्रावर उतरवायचे आणि पुढच्या वाद्यांना जागा करायची. जे एकत्र झालं ते झालं, परतीची वाट नाही. त्यांच्याकडे ट्रॅक चारच होते, म्हणून ते आधी कान देऊन ठरवत आणि मग छापत. तुमच्याकडे हवे तितके ट्रॅक आहेत, त्यामुळे तुम्हाला ठरवण्याचीही गरज नाही.

रिव्हर्ब किती घालावा? रात्री बारानंतर हेडफोन लावून जितका बरा वाटेल तितका, वर मूठभर. सकाळी साध्या स्पीकरवर ऐकायच्या फंदात पडू नका, हात आखडतो.

निवड नेमकी शेवटच्या शब्दापाशी संपवा. रिव्हर्बला शेपटी असते. शब्द संपल्यावरही आवाज हळूहळू विरत राहतो. पण ऑडॅसिटी निवडलेल्या भागाबाहेर काही लिहीत नाही, त्यामुळे शेपटी कचकन तुटते आणि देवळाच्या गाभाऱ्यात घुमणारा सूर एकदम लिफ्टचं दार लागल्यासारखा बंद होतो. शेवटी चार-पाच सेकंदांची शांतता जोडून तीही निवडली तर तो छान विरतो. मग हे घरी केलंय हे कुणाला कळणार?

छापण्याआधी कंट्रोल-डी दाबून ट्रॅकची प्रत काढणारे आणि कोरडी प्रत म्यूट करून ठेवणारे काही लोक असतात. ते रात्री शांत झोपतात. त्यांच्याबद्दल लिहिण्यासारखं विशेष काही नाही.

शेवटची पायरी : सेव्ह करा आणि प्रोजेक्ट बंद करा. इतका वेळ कंट्रोल-झेड दाबून मागे जाता येत होतं. प्रोजेक्ट बंद झाला की मागच्या पायऱ्यांची ती यादी पुसली जाते. आता उतायचं नाही, मातायचं नाही.

मी हे सगळं याच क्रमाने केलं. आत्याच्या जात्यावरच्या ओव्या होत्या, तिच्या स्वयंपाकघरात बसून रेकॉर्ड केलेल्या. वर्षभराने मामेबहिणीने स्वच्छ रेकॉर्डिंग मागितलं, तेव्हा पुन्हा म्हणून घ्यायला आत्याकडे गेलो. दरम्यान तिचे पुढचे दोन दात पडले होते आणि प्रत्येक ‘स’ला बारीक शिट्टी वाजत होती. मग निदान जुनं तरी ऐकवावं म्हणून लावलं. डोळे मिटून तिने पूर्ण ऐकलं.

“मी तर ओट्यापाशी बसून म्हटलं होतं ना रे? मग ही कोण विहिरीत पडलीय?”

म्हटलं, “आत्या, तो रिव्हर्ब आहे.”

“असू दे. पण आधी तिला वर काढ.”