राजकारण सोडून बोला

आमच्या तात्यांना ‘पक्ष’ म्हटलं की पितृपंधरवडा आठवतो आणि ‘खातं’ म्हटलं की पोस्टाचं पासबुक. पेपर ते शेवटच्या पानावरून उघडतात आणि निधनवार्तांपाशी मिटतात. मतदान मात्र कधी चुकवत नाहीत, कारण केंद्र मंडईच्या वाटेवर आहे.

अशा माणसाने यशवंतराव चव्हाणांचं आत्मचरित्र घरी आणलं ते निव्वळ गैरसमजातून. ‘कृष्णाकाठ’ हे नाव वाचून त्यांना वाटलं, नरसोबाच्या वाडीबद्दल असेल. गेला बाजार वांग्यांबद्दल तरी! पण वाचनालयाची वर्गणी भरलेली. (भरलेल्या वर्गणीइतकं वाचायला लावणारं दुसरं काही मी तरी पाहिलेलं नाही.)

तात्यांची वाचायची रीत सोपी. ठराव, अधिवेशन, कमिटी यातलं काही दिसलं की पान उलटायचं. आई, आजोळ, जेवण दिसलं की चष्मा पुसून बसायचं. देवराष्ट्रे हे आजोळ, तिथेच १९१३ चा जन्म, वडील लवकर गेले, विठाबाईंनी पोरं वाढवली, हे सगळं त्यांनी काकूंना मेथी निवडताना ऐकवलं, जणू मागच्या आळीतली हकिकत. पोरगा तुरुंगात, मास्तर म्हणतायत माफी मागून सुटू दे, आणि माउली काही ऐकेना! इथे तात्यांचा आवाज चिरकला.

“पण पोरगा आत कशापायी गेला होता?” काकूंनी विचारलं.

“ते मी गाळलं.”

खरी पंचाईत लग्नाने केली. जून १९४२, कराड. वेणूताई घरात आल्या. आता चार पानं तरी सणवार येणार म्हणून तात्या सरसावून बसले, तर ऑगस्टात नवरा भूमिगत! आणि नव्या सुनेची पहिली संक्रांत पोलिसांच्या अटकेत.

“अगं, हलव्याचे दागिने घालायचे दिवस! तिने कुणाचं काय घोडं मारलं होतं?”

“अहो, मग गाळलेलं वाचा की!”

रात्री दीडपर्यंत तात्यांच्या खोलीत दिवा होता. सकाळी दुधाची पिशवी घ्यायला गेलो तर मला जिन्यातच गाठलं. “काय हो, ते पत्रीसरकार खरंच तळपायांवर मारायचं का?” मी तोंड उघडतो तोच हात वर करून म्हणाले, “राजकारण म्हणून नाही हं विचारत. वेणूताईंसाठी.”

पुस्तक १९४६ पाशी थांबतं. यशवंतराव संसदीय सचिव होऊन मुंबईला निघतात. तात्या तडक वाचनालयात. पुढचे भाग? ‘सागरतळी’ आणि ‘यमुनाकाठ’ असे दोन ठरले होते, ग्रंथपालांनी सांगितलं. पण हे पुस्तक आलं १९८४ साली आणि त्याच नोव्हेंबरात लेखक गेले.

तात्या बराच वेळ काउंटरला टेकून उभे. “म्हणजे दिल्लीत वेणूताईंना ज्वारीचं पीठ मिळायचं की नाही, ते राहिलंच.”

ग्रंथपालांनी दयेपोटी दुसऱ्या एका पुढाऱ्याचं जाडजूड आत्मचरित्र पुढे सरकवलं. तात्यांनी ते हातावर तोललं, अनुक्रमणिकेवरून बोट फिरवलं आणि विचारलं,

“यात लग्न कितव्या पानावर आहे?”