माल अविभाज्य, पूल विभाज्य

मोटार वाहन कायद्याच्या नजरेत गणपती हा माल आहे. कुणाच्या भावना दुखावण्याआधी सांगून टाकतो, गाडीवर चढलेलं आणि तिकीट न काढलेलं सगळंच कायद्याला माल दिसतं. मालवाहू गाडीची रुंदी २.६ मीटर, उंची साधारण चार मीटर. त्यापुढे गेलात की ट्रान्सपोर्टवाले त्याला ‘ओडीसी’ म्हणतात आणि त्याची वेगळी परवानगी काढावी लागते. माल गाडीबाहेर डोकावला तर २०१९च्या दुरुस्तीनंतर दंड वीस हजार. वजन जास्त भरलं तर वीस हजार, वर प्रत्येक जादा टनामागे दोन हजार. परवानगीची मुख्य अट अशी की, मालाचे तुकडे करता येत नाहीत हे पटवून द्यायचं. टर्बाइन, बॉयलर, ट्रान्सफॉर्मर वगैरे मंडळी या अटीत बसतात. परळच्या कारखान्यातून निघालेली वीस-बावीस फुटी मूर्ती तर त्यांच्याआधी बसते. सोंड दुसऱ्या खेपेला पाठवतो, असं कुठला मूर्तिकार म्हणेल?

पण परळ-लालबागमध्ये ओडीसीचा फॉर्म भरताना कुणी पाहिला आहे का? ‘मालाचा पत्ता’ या रकान्यात अरबी समुद्र, आणि ‘परतीचा माल’मध्ये पाट व मूठभर वाळू लिहायला कारकुनाचा हात धजावत नसावा. इंग्लंडात असा अवजड माल रस्त्यावर काढायचा तर दोन कामाचे दिवस आधी पोलिसांना कळवावं लागतं. त्याचं आम्हाला काय कौतुक! आमच्याकडे आगमनाची तारीख दोन महिने आधीच नाक्यानाक्यावर लागते, खाली पंचवीस फोटोंसकट.

सरकारी शिस्तीत माल नेला की काय होतं, तेही पाहून ठेवा. तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्रासाठी सत्तर टनांचं एक यंत्र जुलै २०१९ मध्ये महाराष्ट्रातून निघालं. गाडीला ७४ चाकं, दिमतीला ३२ माणसं. वाटेत झाडं छाटली, विजेचे खांब हलवले, रस्ते नीट केले, मध्ये टाळेबंदी लागली. सतराशे किलोमीटर कापून स्वारी पोचली जुलै २०२० मध्ये. लालबागमधले चार कार्यकर्ते सोबत दिले असते तर दिवाळीच्या आत पोचली असती, फक्त प्रत्येक गावात ढोल वाजले असते.

कारण आमच्याकडे यंत्रणा आहे. ट्रॉलीच्या पुढे एक पोरगा चालतो, हातात लांब बांबू, टोकाला बेचकी. केबलवाल्याची, इंटरनेटवाल्याची आणि जी गेली दहा वर्षं कुणाचीच नाही अशीही वायर तो बेचकीत धरतो आणि मुकुटावरून अलगद पलीकडे नेतो. ‘सोड!’ म्हटलं की सुटते. प्रभावळ अडकली की ‘थांब, थांब, मागे घे, डावीकडे दाब!’ दुसरा पोरगा चाकाशी. त्याच्याकडे लाकडी ठोकळा. चिंचपोकळीच्या पुलाच्या चढावर सगळी गर्दी वर मूर्तीकडे बघत असते तेव्हा हा एकटा खाली चाकाकडे बघतो, आणि ट्रॉली मागे सरकायच्या आत ठोकळा सारतो. एवढ्या अवजड वाहनाचा हा हँडब्रेक. त्याचं नाव बॅनरवर नसतं.

आणि मग पूल येतो. दरवर्षी गणपतीच्या तोंडावर पालिका आणि पोलीस धोकादायक रेल्वे पुलांची डझनभर नावांची यादी काढतात. करी रोड, ऑर्थर रोड म्हणजे आपलं चिंचपोकळी, भायखळा. पश्चिमेला सँडहर्स्ट, फ्रेंच, केनेडी, फॉकलंड. साहेब गेला, पूल ठेवून गेला, आणि त्याच्या तब्येतीची चौकशी आपण वर्षातून एकदा करतो. सूचना ठरलेल्या : पुलावर थांबू नका, नाचू नका, वाजवायचं ते पूल उतरल्यावर. करी रोड आणि चिंचपोकळीला एका वेळी माणसांसकट सोळा टनांपेक्षा जास्त भार नको.

सोळा टन! हिशेब करू. मूर्ती आणि ट्रॉलीचे सहा टन धरा. उरले दहा. माणशी पासष्ट किलो म्हणजे दीडशे माणसं. त्यात ढोलताशा पथकाची शंभर, ढोलांचं वजन सोडून देऊ. राहिलेल्या पन्नासात ट्रॉली ढकलणारे, दोर धरणारे, अध्यक्ष, माजी अध्यक्ष आणि भावी नगरसेवक. एकट्या भावी नगरसेवकांतच कोटा संपतो. शिवाय हे मोजणार कोण? पुलाच्या तोंडाशी वजनकाटा नाही, हवालदार आहे. त्याने डोळ्यांनी तोलायचं आणि शिट्टीने उतरवायचं.

न नाचण्याची सूचना मात्र हसण्यावारी नेऊ नका. १८३१ साली इंग्लंडातला ब्रॉटनचा झुलता पूल तालात पावलं टाकणाऱ्या सैनिकांखाली कोसळला, तेव्हापासून त्यांचं सैन्य पुलावर पाऊल मोडून चालतं. आमच्या पथकाला पुलावर बेताल वाजवा असं सांगून बघा.

याच यादीत दादरचा टिळक पूल आहे. १८९३ साली पुण्यात टिळकांनी उत्सव रस्त्यावर आणला, त्याच वर्षी गिरगावच्या केशवजी नाईक चाळीत तो बसला. त्या चाळीचा गणपती आजही लहानसा, शाडूचा, पालखीतून जाणारा. त्याच्यासाठी कुठल्याही पुलाला घाम फुटत नाही. बाकीच्यांनी मात्र टिळकांच्या नावाच्या पुलावर टेकायचं नाही.

पूल का दुरुस्त होत नाहीत, याचं उत्तरही त्या परवानगीच्या अटीतच आहे. मूर्तीचे तुकडे होत नाहीत, पुलाचे होतात. रुळांवरचा तुकडा रेल्वेचा, दोन्हीकडचे उतार पालिकेचे. पत्र रुळांवरून निघतं, उताराला लागतं आणि तिथून घरंगळत पुन्हा रुळांवर येतं. त्याला ठोकळा लावणारा पोरगा अजून कुणी नेमलेला नाही.

कागदाने काही हलत नाही, हे समुद्रानेही दाखवलं. ७ सप्टेंबर २०२५ला सकाळी लालबागचा राजा सगळे नाके, सगळ्या वायरी पार करून गिरगाव चौपाटीला पोचला. तराफा नवा, मोटर लावलेला. पण भरती चढलेली, मूर्ती काही तराफ्यावर जाईना. दिवसभर लाखो लोक बघत राहिले. विसर्जन झालं रात्री नऊच्या सुमारास. भरतीओहोटीचं वेळापत्रक पालिका दरवर्षी छापते, पण समुद्राला परिपत्रक लागू नाही.

त्यानंतर पाचव्या दिवशी, १२ सप्टेंबरला, प्रभादेवीचा पूल पाडण्यासाठी बंद झाला. यादीतलं एक नाव गळलं. पूलच नसला की त्यावर किती टन चालतील हे कुणाला ठरवावं लागत नाही, आणि पत्रही कुणी कुणाला लिहीत नाही.