चिकू गटाचं सादरीकरण

सकाळी सव्वादहाला, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, केज तालुक्यातले एक गुरुजी चिकू झाले.

त्यात त्यांचा काही दोष नव्हता. प्रशिक्षणाला आलेल्या साठ जणांना ओळीनं आंबा, पेरू, चिकू, सीताफळ असं म्हणायला लावलं होतं आणि गुरुजींच्या तोंडी चिकू आला. शेजारचे सर सीताफळात गेले आणि उगाच ताठ बसले. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे, चिकूला कोण विचारतो!

हे घडलं जून २०२५च्या पहिल्या पंधरवड्यात, शाळा उघडायच्या आधी, बीड जिल्ह्यातल्या एका शाळेत. निमित्त होतं वरिष्ठ आणि निवड वेतनश्रेणीच्या प्रशिक्षणाचं. शिक्षकाची बारा वर्षं भरली की वरिष्ठ, चोवीस भरली की निवड; मात्र दोन्हींच्या वाटेत प्रशिक्षणाचा उंबरठा आहे. निवडश्रेणीला तर वीस टक्क्यांची मर्यादाही आहे. म्हणजे दोन हजार रुपये शुल्क भरून, टाळ्या वाजवून, चिकू होऊनही रांगेत उभं राहायचं ते राहायचंच. गुरुजी २००१ साली शिक्षणसेवक म्हणून लागले, तेव्हा महिन्याला तीन हजार रुपये मानधन होतं. चोवीस वर्षांत त्यांनी किती प्रशिक्षणं केली याचा हिशेब त्यांच्याकडे नाही. घरातल्या कापडी पिशव्या मोजल्या तर निघेल.

प्रशिक्षणाची पहिली गंमत बाकापासून सुरू होते. बाक चौथीच्या मुलांच्या मापाचा. त्यात गुडघे बसवायचे तर आधी पोट बाहेर ठेवावं लागतं. एकदा माणूस तिथं बसला की मात्र त्याचं वय झरझर उतरायला लागतं. वर्षभर "मागचे, काय चाललंय रे?" म्हणून ओरडणारे सर शेवटचा बाक धरायला पावणेदहालाच येऊन रुमाल टाकतात. "गृहपाठ का केला नाही?" असं विचारणाऱ्या बाई शेजारणीच्या वहीतून पूर्वचाचणीची उत्तरं उतरवतात. कोणी करंगळी वर करत नाही एवढंच, पण "जरा फोन आलाय" म्हणून जे बाहेर जातात ते रसवंतीवर सापडतात. "समजलं का?" असं विचारलं की साठ माना एकदम हलतात. ही मान कशी हलवायची हे त्यांनी त्यांच्याच विद्यार्थ्यांकडून शिकलेलं असतं.

मग टाळ्या. साधी टाळी, पावसाची टाळी, एका बोटापासून सुरू होऊन पाच बोटांवर जाणारी. पावसाची टाळी बीडमध्ये इतक्या मनापासून वाजते की एखादा ढग फसावा.

गुरुजींचे वडीलही गुरुजी होते. १९८६च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाबरोबर देशभर शिक्षकांच्या उद्बोधनाचा मोठा कार्यक्रम निघाला, पीमॉस्ट नावाचा. उन्हाळ्याच्या सुटीत दहा-दहा दिवसांची शिबिरं भरली आणि चारेक वर्षांत साडेसतरा लाखांवर शिक्षक त्यातून गेले. वडील सतरंजी आणि तांब्या घेऊन शिबिराला गेले होते. त्या शिबिराचं पुस्तक अजून माळ्यावर आहे, आत लग्नाच्या दोन पत्रिका खुणेला. पद्धत तेव्हापासून आजतागायत तीच: दिल्लीनं राज्याला शिकवायचं, राज्यानं जिल्ह्याला, जिल्ह्यानं तालुक्याला, तालुक्यानं केंद्राला. बीडच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. धरणावर टँकर भरून निघतो, वाटेत गळत येतो आणि वाडीवर पोचेपर्यंत बायका घागर तिरपी करून बघतात.

गळत नाहीत ते शब्द. ते मात्र काठोकाठ येतात. वडिलांच्या निवृत्तीच्या आसपास किमान अध्ययन क्षमता आल्या. गुरुजी नोकरीला लागून जरा स्थिरावले तोच २००५च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यातून ज्ञानरचनावाद उतरला. २०१० साली सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं आणि प्रत्येक मुलाच्या नोंदी लिहिता लिहिता गुरुजींचं अक्षर कायमचं बिघडलं. २०१५ साली 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र', त्या लाटेत साताऱ्याकडच्या कुमठे बीटच्या शाळा बघायला गाड्या भरभरून शिक्षक गेले आणि परत येऊन वर्गाच्या फरश्या रंगवायला बसले. २०१७ साली अध्ययन निष्पत्ती, २०२१ साली निपुण भारत. अहिल्यानगर-बीड-परळी रेल्वे १९९५च्या सुमारास मंजूर झाली, आणि बीडला प्रवासी गाडी यायला सप्टेंबर २०२५ उजाडला. त्याच तीस वर्षांत शिक्षणशास्त्रातली एकही संज्ञा या जिल्ह्यात उशिरा पोचलेली नाही!

करोनात 'निष्ठा' प्रशिक्षण मोबाइलवर आलं. ऑक्टोबर २०२० म्हणजे सोयाबीनचे दिवस. गुरुजींनी फोन मळणीयंत्राजवळच्या पोत्यावर टेकवून ठेवला, दीक्षा अॅपवरचा व्हिडिओ त्याचा तो चालत राहिला. पोत्याला 'समावेशक शिक्षण' पूर्ण ऐकू गेलं. प्रमाणपत्रावर नाव तेवढं गुरुजींचं होतं.

सुटी गेल्याची हळहळ असतेच, तिच्यावर फुंकर घालायला नियमही आहे. शाळा हा दीर्घ सुटीचा विभाग, म्हणून शिक्षकांना इतरांसारखी अर्जित रजा नाही. पण आदेशानं सुटीत काम केलं तर त्या प्रमाणात रजा जमा होते. त्यामुळे पहिल्या दिवशी प्रशिक्षणाचा विषय कोणता, हे विचारणारा एखादाच. "रजेचं पत्र मिळणार का?" हे मात्र आंबा, पेरू, चिकू, सीताफळ सगळे एकमुखानं विचारतात.

दुपारी गटकार्य. प्रत्येक गटाला एक चार्ट पेपर, दोन स्केचपेनं, त्यातलं एक वाळलेलं. बीड जिल्ह्याची जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था अंबाजोगाईला आहे, हा योगायोग म्हणावा की पुण्याई? याच गावी दासोपंतांनी चारेकशे वर्षांपूर्वी भल्यामोठ्या पासोडीवर अख्खं 'पंचीकरण' लिहून काढलं. ज्ञान लांबरुंद पसरून लिहायची इथली परंपरा जुनी आहे. फक्त दासोपंतांना "दोन मिनिटांत सादर करा" असं कोणी म्हणालं नव्हतं.

चिकू गटाला विषय आला 'अपूर्णांक, परिसरातल्या उदाहरणांतून'. पडद्यावरच्या नमुन्यात पिझ्झा होता, आठ तुकडे केलेला. पंधरा चिकूंनी त्याच्याकडे पाहुण्यासारखं पाहिलं.

"भाकरी घ्या," एक सर म्हणाले. "चतकोर भाकरी, नितकोर भाकरी."

"भाकरी सगळेच घेणार. आंबा गटानं घेतली पण."

"मग शेत घ्या. भावकीत वाटणी झालेलं."

"नको सर. त्याचा अपूर्णांक कोर्टात चालूय."

वाद चहापर्यंत चालला. चहा लिंबाखाली होता आणि खरं गटकार्य नेहमी तिथंच होतं. शिरूर कासारकडच्या एक मॅडम बशीत चहा ओतता ओतता म्हणाल्या, "आमच्या पोरांना अर्धं शिकवावं लागतच नाही." ऊसतोडीच्या हिशेबात नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. एकटा माणूस गेला तर तो अर्धा कोयता. दिवाळीच्या आगेमागे गावं रिकामी होतात, काही मुलं हंगामी वसतिगृहात राहतात, काही फडावर जातात आणि एप्रिलच्या सुमाराला परत येऊन वर्गात बसतात. तिसरीतल्या एका पोराला मॅडमनी विचारलं होतं, अर्धं म्हणजे काय रे? पोरगं फळ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणालं, "माय बाळंतपणाला गावातच ऱ्हायली, तं आवंदा आमचा बाप अर्धा कोयता गेला."

लिंबाखाली क्षणभर कोणीच बोललं नाही. मग वाटणीवाले सर बोटं मोजत म्हणाले, "म्हणजे साडेतीन कोयते म्हणलं की माणसं सात. छेद दोन, अंश सात." चोवीस वर्षं भरलेल्या गुरुजींनी खिशातून पेन काढलं. प्रशिक्षणाचा घटकसंच वर्गातच राहिला होता, म्हणून चहाच्या कागदी पेल्यावर लिहून घेतलं.

चार्टवर मोठ्ठा जांभळा कोयता काढला गेला. मधून उभी रेघ, एका बाजूला एक छेद दोन, दुसऱ्या बाजूलाही एक छेद दोन. कोणी म्हणालं मूठ आणि पातं सारखं दिसत नाही, मग अर्धं कसं? त्यावर पुन्हा दहा मिनिटं गेली. सादरीकरणाला चिकू गटाचा नंबर शेवटून पहिला, पावणेपाचला. तोवर आष्टीकडच्या मंडळींनी पिशव्या खांद्याला लावल्या होत्या. त्यांना बीडपेक्षा अहिल्यानगर जवळ, आणि दोन्हीपेक्षा शेवटची एस्टी जवळची. गुरुजींनी कोयता सांगितला. पेंगणारे पेरू जागे झाले, मागून कोणी "वा!" म्हणालं. मग वेळ संपल्याची खूण म्हणून पावसाची टाळी झाली. उत्तरचाचणीत गुरुजींना पूर्वचाचणीपेक्षा दोन गुण कमी पडले. सकाळी शेजारी हुशार बसले होते, दुपारी ते सीताफळात होते.

चार्ट टाकून द्यायला जिवावर आलं, म्हणून गुरुजींनी गुंडाळून घरी आणला आणि कपाटाला टेकवून ठेवला. त्या वर्षी मे महिन्यातच अवकाळी पाऊस झाल्यानं घरचं वाळवण लांबलं होतं. दुसऱ्या दिवशी ऊन पडलं, जुनं लुगडं कमी पडलं, आणि गुरुजींच्या बायकोनं हाताला लागलेला जाड कागद गच्चीवर अंथरून त्यावर उडदाचे पापड टाकले. पापडांना तेलाचा हात होता. संध्याकाळी गुरुजी घरी आले तेव्हा दहा-बारा पापडांवर जांभळी पाती, मुठी आणि उलटे एक छेद दोन उमटले होते.

"हे कोणी खायचे आता?" बायकोनं सूप पुढे केलं.

गुरुजींनी एक पापड उचलून उजेडात धरला, नीट वाचला आणि म्हणाले, "अर्धे मी खातो."