मारुती कांबळे आणि दुसरी डिस्क

मंडईत गाडी लावायची म्हटली की पुणेकर दोन नावं सांगतो: आर्यन आणि मिनर्व्हा. दोन्ही एकेकाळची थिएटरं. आर्यन तर १९१५ सालचं, पुण्यातलं पहिलं कायमस्वरूपी सिनेमागृह. आता दोन्हीकडे वाहनतळ आहे. पडदा गेला, पावती फाडायची सोय तेवढी राहिली.

थिएटरं अशी एकेक करून पार्किंगला लागत असताना सिनेमासाठी आपण काहीतरी केलं पाहिजे, असं मला फार वाटायचं. थिएटरात जाऊन सिनेमा बघणं हा एक उपाय होता, नाही असं नाही. आम्ही मांजरी बुद्रुकला राहतो. सीझन्स मॉलमध्ये पंधरा पडदे आहेत आणि तो फार लांबही नाही. पण चौघांची तिकिटं, त्यावर पॉपकॉर्न, त्यावर ट्रॅफिक. एवढं सोसून सिनेमा वाचवायला मी काही धनाढ्य नाही. मी तो घरच्या घरी वाचवायचं ठरवलं.

निमित्त घडलं ते ओटीटीचं. ‘नंतर बघू’ म्हणून यादीत टाकलेला एक जुना मराठी सिनेमा एका रात्री तिथून नाहीसा झाला. हक्कांची मुदत संपली म्हणे. म्हणजे महिन्याचे पैसे भरायचे आणि सिनेमा मात्र घरमालकाच्या मर्जीवर राहणार! हातात धरता येतो तोच सिनेमा आपला, असं मी जेवताना जाहीर केलं. बायको म्हणाली, “आधी आमटी वाढून घ्या.”

रविवारी मंगळवार पेठेतला जुना बाजार गाठला. (तो बुधवारीही भरतो, पण बुधवारी ऑफिस असतं.) तिथे नट-बोल्ट, बंद पडलेली घड्याळं आणि एका पायातले बूट यांच्या शेजारी मराठी सिनेमा गोणपाटावर पसरला होता. यातला बराचसा माल मोझर बेअरच्या काळातला. २००७ च्या सुमारास या कंपनीने २८ रुपयांना व्हीसीडी आणि ३४ रुपयांना डीव्हीडी विकून बाजार हलवून सोडला होता. पायरेटेड डिस्कपेक्षा अस्सल डिस्क स्वस्त, असा चमत्कार आपण डोळ्यांनी पाहिला. पुढे स्मार्टफोन आले, स्वस्त डेटा आला आणि २०१८ साली ती कंपनी अवसायनात निघाली. मी डिस्का घेत होतो तो हा असा मुहूर्त.

मी एकेक कव्हर वाचत बसलेलो पाहून विक्रेता कंटाळला. “काका, निवडत काय बसताय? पोतंच न्या की. पोत्यासकट देतो.”

पोतं रिक्षातून मांजरीला आलं. उघडलं तेव्हा बायकोने एकच प्रश्न विचारला: “हे लावायचं कशावर?” लॅपटॉपला डिस्क घालायची जागाच नाही, आणि टीव्हीला मागे लाल-पांढरी-पिवळी भोकं नाहीत. पुढच्या रविवारी प्लेअर आणला, मग त्याची वायर टीव्हीला जुळवून देणारी डबी. प्लेअरला रिमोट नव्हता. पण रिमोट नसला की सिनेमा मागे-पुढे करता येत नाही, जसा लावला तसा बघावा लागतो. हा अगदी थिएटरचा अनुभव आहे, असं मी घरच्यांना पटवून दिलं. कुणाला पटलं नाही.

यथावकाश पोती वाढली. आमच्या सोसायटीमागे ज्यांची अजून थोडी जमीन शिल्लक आहे ते तात्या एकदा डोकावून म्हणाले, “साहेब, चार-दोन द्या की. ज्वारीत टांगायला. उन्हात चकाकतात, पाखरं फिरकत नाहीत.” मी त्यांना सांस्कृतिक वारसा म्हणजे काय ते समजावून सांगितलं. ते सगळं ऐकून घेऊन म्हणाले, “मग जरा खराब झालेल्या द्या.”

या अपमानाला उत्तर म्हणून मी सोसायटीच्या क्लब हाऊसमध्ये ‘सामना’ लावायचं ठरवलं. जब्बार पटेलांचा, तेंडुलकरांनी लिहिलेला, निळू फुले आणि श्रीराम लागूंचा. शिवाय गोष्ट साखरसम्राटाची आणि आमच्या मांजरीत वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट. सिनेमा १९७४ चा, संस्था १९७५ ची. हा योग मी सूचनाफलकावर लाल शाईने मांडला. शनिवारी चांगली गर्दी जमली. भेळ ठेवली होती हे एक कारण असू शकतं.

व्हीसीडीवर साधारण ७४ मिनिटं मावतात. त्यामुळे आपला सिनेमा बरोबर मध्यंतराला तुटतो आणि दुसऱ्या डिस्कवर जातो. पहिली डिस्क झकास चालली. मारुती कांबळेचं काय झालं, या प्रश्नाने सगळे अस्वस्थ झाले. भेळ झाली. मी दुसरी डिस्क सरकवली.

पडद्यावर गुलाबाचं फूल उमललं आणि त्यातून एक नवरदेव बाहेर आला.

मी प्लेअरकडे धावलो, पण रिमोट नाही आणि बंद करायचं बटण आत गेलेलं. तेवढ्यात मागून आवाज आला, “राहू द्या, राहू द्या!” मग हळद झाली, वरात झाली, मंगलाष्टकांत कुणीतरी अक्षता भटजींच्या डोळ्यात मारल्या. पंगतीत वाढणारा आचारी दिसताच तिसऱ्या मजल्यावरच्या काकू ओरडल्या, “अगं बाई, हा तर आपला फुरसुंगीचा!” नवरा-नवरी मात्र कुणालाच ओळखता आली नाहीत. रुखवतावर गंभीर चर्चा झाली. पहिल्या डिस्कच्या वेळी मोबाइल बघणारी मंडळी आता खुर्च्या पुढे ओढून बसली होती. पाठवणीला दोन बायका रडल्या. जाताना सेक्रेटरी म्हणाले, “पुढच्या शनिवारी याचा पहिला भाग लावा.”

लॉ कॉलेज रस्त्यावरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’च्या चार रिळांपैकी पहिलं आणि शेवटचं एवढीच उरली आहेत. त्यांच्याकडे निदान शेवट आहे. माझ्याकडे कपाटभर सिनेमे आहेत आणि त्यातल्या निम्म्यांना मध्यंतरापुढे आयुष्य नाही.

तेव्हा वाचकहो, आपल्याकडे ‘सामना’ची दुसरी डिस्क असेल तर कृपया कळवा. बदल्यात लग्नाची डिस्क परत मिळेल. ओळख पटण्यासाठी: फेटा गुलाबी, नवरदेवाला बारीक मिशी, आचारी फुरसुंगीचा. जरा लवकर कळवा, कारण तात्यांची ज्वारी हुरड्यात आली आहे आणि बायकोने त्यांना कपाटाची किल्ली कुठे असते ते सांगितलं आहे.