फॅट ३.५, गाठ अंदाजे

सकाळी सहाला पलूस किंवा खटाव तालुक्यातल्या कुठल्याही गावच्या डेअरीवर उभं राहावं. गायीच्या दुधाचा दर ठरतो तो फॅट ३.५ आणि एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून उरलेले घन पदार्थ, ८.५ वर. मशीनने ३.४ दाखवलं की शेतकरी कॅन तिथंच आपटतो. ‘‘मशीन गंडलंय तुझं, परत लाव!’’ सचिव मुकाट्याने परत लावतो. पावती खिशात जाते आणि बिलाच्या दिवशी ताडूनही पाहिली जाते.

त्याच घरातल्या बाईच्या छातीतली गाठ काढतात तेव्हा कॅन आपटायला कोणी नसतं.

तुकडा फॉर्मालिनच्या बाटलीत पडतो. किती वाजता पडला, ते बाटलीलाच ठाऊक. स्तनाच्या कर्करोगात हर-टू या प्रथिनाची तपासणी करतात. तिचा नियम अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञांच्या आणि पॅथॉलॉजिस्टांच्या संघटनांनी कधीचा लिहून ठेवलाय: तासाभरात तुकडा फॉर्मालिनमध्ये, आणि तिथं किमान ६, जास्तीत जास्त ७२ तास. कमी मुरला तर आतून कच्चा, जास्त मुरला तर तपासणीला दगा. आता शनिवारी दुपारी ऑपरेशन, रविवारी लॅब बंद, सोमवारी कुरिअरवाल्याच्या गावात बेंदूर. मंगळवारी संध्याकाळी बाटली पोहोचते तेव्हा ७२ तास उलटलेले असतात. लोणचं किती मुरलं हे सासूबाई वासावरून सांगतात. गाठ किती मुरली याची नोंद कागदावर सापडेलच असं नाही.

मग रिपोर्ट येतो ‘२+’. म्हणजे हो पण नाही आणि नाही पण नाही. पुढे जनुक मोजणारी फिश नावाची तपासणी करा. ट्रॅस्टुझुमॅब हे औषध द्यायचं की नाही, ते त्यावर. दुसऱ्या लॅबने त्याच गाठीला ३+, म्हणजे सरळ ‘हो’ दिलं, तर भावकीत दोन तट पडतात. शेवटी काडेपेटीहून लहान असा मेणाचा ब्लॉक भाकरीच्या फडक्याशेजारी ठेवून महालक्ष्मी एक्सप्रेसने मुंबई गाठायची.

डॉक्टरांची वानवा म्हणावी, तर मिरजेत वानलेस साहेबांच्या इस्पितळाला सव्वाशे वर्षं उलटून गेलीत. वानवा आहे मापाच्या शिक्क्याची. सांगलीच्या बाजारात हळद तोलणाऱ्या काट्यावर वैधमापन खात्याचा शिक्का हवाच, कायदाच आहे. गाठीचा जनुकीय हिशेब मांडणाऱ्या लॅबला मात्र एनएबीएल या प्रयोगशाळा तपासणाऱ्या मंडळाची मान्यता ऐच्छिक. हळद महाग आहे, हे खरंच.

एकच माप करणं अशक्य असतं, तर बोलणंच नको होतं. सीएमएल या रक्ताच्या कर्करोगात बीसीआर-एबीएल या जोडजनुकाचा आकडा लॅबगणिक वेगळा यायचा. कच्चा शेर, पक्का शेर असला कारभार. त्यावर आंतरराष्ट्रीय मोजपट्टी ठरली आणि पुढे जागतिक आरोग्य संघटनेने तिच्यासाठी प्रमाण नमुनेही मान्य केले. त्या पट्टीवर ०.१ टक्का म्हणजे कराडात जे, तेच जर्मनीतल्या कोलोनमध्ये. फक्त लॅबने आपला आकडा पट्टीला जुळवून घेतलेला हवा. आपल्याकडे इस्पितळांना एका धाग्यात बांधायला राष्ट्रीय कर्करोग ग्रिड २०१२ पासून आहे. धागा तालुक्याच्या ऑपरेशन थिएटरातल्या बाटलीपर्यंत पोहोचायचाय.

तोवर नातेवाइकांनी डेअरीवरचा आवाज थोडा दवाखान्यातही काढावा. तुकडा किती वाजता काढला आणि फॉर्मालिनमध्ये किती वाजता टाकला, हे बाटलीच्या चिठ्ठीवर लिहून मागा. पेन नसेल तर आपलं द्या.