सोवळ्यातली वर्गणी

नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा उजाडला की शहरांतल्या मोठ्या ऑफिसांना जगाची काळजी वाटू लागते. एचआरकडून मेल येतो: 1 डिसेंबर हा जागतिक एड्स दिन, या लढ्यात आपणही खारीचा वाटा उचलू या. खाली क्यूआर कोड, सोयीसाठी शंभर, अडीचशे, पाचशे असे आकडे, आणि फोन काढायचाही कंटाळा असलेल्यांसाठी ‘एक दिवसाचा पगार कापून घ्यावा’ या चौकटीत खूण आधीच मारून ठेवलेली. रिसेप्शनच्या टेबलावर लाल फितींचा डबा, शेजारी टाचण्या. पॅन्ट्रीत लाल आयसिंगचे कपकेक, त्यांची विक्रीही त्याच निधीला. लाल टी-शर्ट घालून यायचं, कारण तीन वाजता जिन्यावर ग्रुप फोटो आहे. सव्वातीनला सगळे पुन्हा आपापल्या स्क्रीनसमोर. संध्याकाळी आकडा जाहीर होतो, टाळ्या पडतात, कुठल्या तरी मजल्याला ‘सर्वाधिक योगदाना’चा चषक मिळतो आणि एड्स पुढच्या नोव्हेंबरपर्यंत निर्धास्त होतो.

या उपक्रमाची टिंगल करणं फार सोपं आहे, म्हणून आधी त्याचं घराणं पाहू. ते चांगलं आहे. लॉस एंजेलिसमध्ये पहिला ‘एड्स वॉक’ निघाला 1985 साली, न्यूयॉर्कमध्ये पुढच्या वर्षी. तेव्हा अमेरिकेचं सरकार मूग गिळून बसलं होतं. अध्यक्ष रेगन यांनी या आजारावर पहिलं मोठं भाषण केलं ते 1987 च्या मे महिन्याच्या अखेरीस, हजारो माणसं मेल्यानंतर. त्या चालणाऱ्यांतल्या कितीतरी जणांना आपण नेमकं कोणासाठी पैसे गोळा करतोय ते ठाऊक होतं. न्यूयॉर्कच्या कलावंतांनी 1991 मध्ये लाल फीत काढली तीही आपल्यातल्या माणसांसाठी. हा सगळा सरंजाम आपल्या ऑफिसांत यथासांग येऊन पोचला. फीत आली, टी-शर्ट आला, चालणंही आलं. ज्याच्यासाठी हे सगळं निघालं तो शेजारच्या टेबलावरचा माणूस तेवढा कस्टममध्ये अडकला. आपल्याकडची वर्गणी आजाराला जवळ घेण्यासाठी गोळा होतच नाही. ती त्याला हातभर लांब ठेवण्यासाठी गोळा होते. पैसे ‘तिकडे’ गेले की आजारही तिकडचाच, अशी पावती हातात पडते. देवाला नैवेद्य दाखवावा आणि स्पर्श होऊ देऊ नये, तसं हे सोवळ्यातलं दान आहे.

आता हे ‘तिकडे’ म्हणजे नेमकं कुठे, तेही एकदा विचारायला हवं. पोस्टरवर आफ्रिकेचा नकाशा असतो आणि ‘जागतिक’ हा शब्द ठळक असतो. पण सीएसआरच्या, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या, नियमांत भारताबाहेर केलेला खर्च धरला जात नाही, आणि परदेशी संस्थेला थेट दिलेल्या देणगीवर करसवलत मिळत नाही. म्हणजे कंपनीने कर्मचाऱ्यांच्या वर्गणीला आपली जोड द्यायची तर पैसा देशातच फिरणार. बरं, देशात फिरू दे. इथेही कमी लोक नाहीत. भारतात पंचवीस लाखांच्या आसपास माणसं एचआयव्हीसह जगतात, त्यातली बहुतेक कामाच्या वयाची, आणि राज्यवार आकड्यांत महाराष्ट्र सगळ्यांत वर. पण त्याच नियमावलीत आणखी एक अट आहे: जो उपक्रम फक्त स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या उपयोगाचा, तो सीएसआरमध्ये बसत नाही. अट योग्यच आहे, नाहीतर कंपन्यांनी दिवाळीची मिठाईसुद्धा समाजकार्यात दाखवली असती. तिचा व्यवहारातला अर्थ मात्र मजेदार निघतो. शेजारच्या वस्तीतल्या रुग्णावर केलेला खर्च वार्षिक अहवालात फोटोसकट छापता येतो. आपल्याच अकाउंट्स खात्यातल्या रुग्णासाठी केलेलं काही कुठल्याच रकान्यात बसत नाही. जाता जाता एक गंमत: 2013 चा कंपनी कायदा संमत झाला तेव्हा त्याच्या सातव्या अनुसूचीत, म्हणजे सीएसआरच्या कामांच्या यादीत, एचआयव्ही आणि एड्स ही नावं स्पष्ट लिहिलेली होती. 2014 च्या सुरुवातीला, नियम लागू व्हायच्या आधीच, यादी नव्याने लिहिली गेली आणि ती नावं ‘आरोग्यसेवा, प्रतिबंधक आरोग्यसेवेसह’ या ऐसपैस शब्दांत विरघळली. नाव घ्यायला ऑफिसंच लाजतात असं नाही.

पैशाचा हिशेब मांडला तर वर्गणीची जागा आणखी स्पष्ट होते. एड्स, क्षयरोग आणि मलेरियासाठी 2002 साली उभा राहिलेला ग्लोबल फंड नव्वद टक्क्यांहून अधिक सरकारांच्या पैशावर चालतो. अमेरिकेच्या ‘पेपफार’ योजनेने 2003 पासून शंभर अब्ज डॉलरपेक्षा जास्त खर्च केले. त्याच्या शेजारी खाजगी दानशूरतेचा सगळ्यांत झगमगीत प्रयोग ठेवून बघा. गायक बोनो आणि बॉबी श्रायव्हर यांनी 2006 मध्ये ‘रेड’ सुरू केलं: लाल आयपॉड घ्या, लाल टी-शर्ट घ्या, नफ्यातला वाटा ग्लोबल फंडाला. वर्षभराने ‘अ‍ॅडव्हर्टायझिंग एज’ या व्यवसाय-साप्ताहिकाने अंदाज छापला की जाहिरातीवर दहा कोटी डॉलरपर्यंत खर्च झाले आणि फंडाला मिळाले एक कोटी ऐंशी लाख. ‘रेड’वाल्यांनी तो हिशेब खोडून काढला, आणि पुढच्या काळात त्यांनी सत्तर कोटी डॉलरच्या वर रक्कम उभी केली, हेही सांगितलं पाहिजे. ती रक्कम लहान नाही. पण औषधाची किंमत खरोखर कोसळली ती वेगळ्याच ठिकाणी, आणि त्यासाठी कोणी लाल कपडे घातले नव्हते. 2001 च्या फेब्रुवारीत मुंबईच्या सिप्लाचे युसूफ हमीद यांनी तीन औषधांचा मिश्र उपचार ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ला वर्षाला 350 डॉलरला द्यायची तयारी दाखवली. पाश्चात्त्य कंपन्यांचा तोच उपचार तेव्हा दहा हजार डॉलरच्या पुढे होता. मराठी माणसाने जागतिक लढ्यात आपल्या शहराचा वाटा शोधायचा ठरवलं तर तो इथे सापडतो, कपकेकच्या ट्रेमध्ये नव्हे.

इथे पहिला आक्षेप उभा राहतो आणि तो दमदार आहे. औषध स्वस्त झालं म्हणूनच तर वर्गणीला अर्थ आला, असं कोणी म्हणेल. 2023 मध्ये ग्लोबल फंडाने रोजच्या एका गोळीचा उपचार वर्षाला 45 डॉलरच्या आत आणला. म्हणजे साधारण चार हजार रुपये. पाचशेची वर्गणी म्हणजे कुणाची तरी दीड महिन्याची गोळी. हे गणित बरोबर आहे, आणि ज्यांना पाचशे द्यायचे आहेत त्यांनी जरूर द्यावेत. पण भारतात ही गोळी 1 एप्रिल 2004 पासून सरकार फुकट देतं. सुरुवात झाली त्या मोजक्या रुग्णालयांत आपलं जे. जे. होतं. 2022 मध्ये साठा संपला तेव्हा दिल्लीत ‘नाको’च्या, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेच्या, दारात रुग्ण कित्येक आठवडे ठाण मांडून बसले, आणि त्यांचं भांडण सरकारी खरेदीशी होतं, वर्गणी कमी पडल्याचं नव्हतं. इथल्या नोकरदार रुग्णाला ऑफिसकडून गोळीचे पैसे नकोच आहेत. त्याची अडचण याहून बारीक आहे. ही औषधं देणाऱ्या एआरटी केंद्राची वेळ आणि ऑफिसची वेळ एकच. हिरवी पुस्तिका घेऊन रांगेत उभं राहायचं तर अर्धी सुट्टी लागते, आणि अर्ध्या सुट्टीच्या अर्जात कारणाचा रकाना असतो. तिथे दर वेळी काय लिहायचं? ‘दात’ किती वेळा लिहिता येतो? बाटलीवरचं लेबल नखाने खरवडून काढलेलं असतं, आत कापूस कोंबलेला असतो, बॅग उचलली की गोळ्या खडखडू नयेत म्हणून. वर्गणीच्या दिवशीही ती बाटली त्याच बॅगेत असते, आणि बॅगेचा मालक लाल टी-शर्टमध्ये दुसऱ्या रांगेत हसत उभा असतो.

ऑफिसने करण्यासारखं काहीच नाही, असं मात्र नाही. दक्षिण आफ्रिकेत 2002 साली, सरकार औषध द्यायला टाळाटाळ करत असताना, अँग्लो अमेरिकन या खाणकंपनीने आपल्या कामगारांना एआरटी मोफत द्यायचं ठरवलं. हे परोपकाराने केलं असं कोणी म्हणू नये. खाणीतला अनुभवी माणूस मेला की नवा शिकवायला खर्च येतो, हा व्यापाऱ्याचा हिशेब त्यात होताच. पण त्या हिशेबात कामगार ‘आपला’ होता. आपल्याकडे पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण रुग्णालयातलं एआरटी केंद्र बजाज ऑटोच्या मदतीने उभं राहिलं. दोन्हीकडे चषक कोणत्या मजल्याला मिळाला याची नोंद नाही.

उलट बाजूची नोंद मात्र कोर्टात आहे. एका सरकारी उपक्रमातल्या रोजंदारी कामगाराला, तो काम करायला तंदुरुस्त असताना, फक्त एचआयव्ही निघाला म्हणून कामावरून वगळलं गेलं. 1997 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याला काम परत द्यायला आणि 40,000 रुपये भरपाई द्यायला सांगितलं. नाव उघड न करता दावा चालवायची मुभा न्यायालयाने त्याला दिली, म्हणून हा निकाल आजही ‘एमएक्स विरुद्ध झेडवाय’ म्हणून ओळखला जातो. कंपनीचंही नाव त्यात झाकलं गेलं, तो तिचा फुकटचा फायदा. हे जुनं झालं म्हणावं, तर 2023 मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाला सीआरपीएफच्या जवानाबाबत हेच सांगावं लागलं, की एचआयव्ही आहे एवढ्या कारणाने बढती अडवता येत नाही. मधल्या काळात 2017 चा एचआयव्ही आणि एड्स कायदा झाला, 10 सप्टेंबर 2018 पासून तो लागू आहे. त्यानुसार नोकरी देण्यासाठी एचआयव्ही चाचणीची अट घालता येत नाही, या कारणावरून नोकरीत भेदभाव करता येत नाही, आणि शंभर किंवा अधिक माणसं असलेल्या प्रत्येक आस्थापनेला एक तक्रार अधिकारी नेमावा लागतो. कुठल्याही ऑफिसातल्या माणसाला विचारा, तुमचा एचआयव्ही तक्रार अधिकारी कोण? वर्गणी-समितीच्या पाच सदस्यांची नावं तो घडाघडा सांगेल.

दुसरा आक्षेप जागृतीचा. वर्गणी राहू द्या, निदान विषय तरी निघतो, असं म्हणतात. निघतो, पण कसा? पोस्टरवर रोग असतो, रुग्ण नसतो. ‘लढा’ असतो, नोकरी नसते. औषध नियमित घेऊन ज्याच्या रक्तातला विषाणू मोजण्यापलीकडे गेला आहे, त्याच्याकडून लैंगिक संबंधातून संसर्ग होत नाही, हे आता वैद्यकशास्त्राने पक्कं केलं आहे. हे एक वाक्य पॅन्ट्रीच्या भिंतीवर लावलं तर पाण्याचा ग्लास वेगळा ठेवणाऱ्याच्या डोक्यात थोडा उजेड पडेल. पण असलं वाक्य लावलं की त्यात ‘संबंध’ हा शब्द येतो, आणि ब्रँड टीम तो काढून तिथे ‘आशा’ घालते. तिसरा आक्षेप सगळ्यांत निरागस: आमच्याकडे तसं कोणी नाहीच. दोन-तीन हजार माणसांच्या कंपनीत तसं कोणी नाही, याचा एकच अर्थ असू शकतो, की तसं कोणी सांगत नाही. ‘आमच्याकडे’ या शब्दात रात्रीचा सिक्युरिटी गार्ड, हाऊसकीपिंगच्या बायका, कँटीनची मुलं आणि गाडीचा ड्रायव्हर धरले आहेत का, हेही विचारावं. ते कंत्राटदाराचे. त्यांची वैद्यकीय तपासणी कंत्राटदार करतो, आणि त्या तपासणीत काय काय बघितलं जातं, हे ऑफिसला माहीत नसणं ऑफिसच्या फार सोयीचं असतं.

शेवटचा आक्षेप ताज्या बातम्यांतला आहे. 2025 च्या जानेवारीत अमेरिकेने परदेशी मदत थांबवली, पेपफारला सवलत मिळाली तरी कित्येक दवाखान्यांच्या दारांना कुलपं लागली. त्याच वर्षी ग्लोबल फंडाने 18 अब्ज डॉलर मागितले आणि नोव्हेंबरात आश्वासनं मिळाली साधारण 11 अब्जांची. अशा वेळी वर्गणीची थट्टा करायची का? करू नये. पण सात अब्जांची तूट कपकेकने भरत नाही. ती भरायची तर सरकारांवर दबाव आणावा लागेल, आणि ऑफिसचा मेल सरकारचं नाव घेत नाही, कारण सरकार कधी कधी ऑफिसचं गिऱ्हाईक असतं.

तेव्हा पुढच्या वर्षी मेल जरूर पाठवावा, फक्त क्यूआर कोडच्या वर तीन ओळी जास्त छापाव्यात. पहिलीत तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि एक्स्टेन्शन. दुसरीत, नोकरी देताना आम्ही किंवा आमचे कंत्राटदार एचआयव्ही चाचणी मागत नाही. तिसरीत, औषध आणायला सकाळी दोन तास उशिरा यायचं असेल तर कारण विचारलं जाणार नाही. या ओळी लीगल विभागाकडून मंजूर होऊन यायला वेळ लागेल. मंजुरी मार्चमध्ये आली तर मेल मार्चमध्ये पाठवावा. वर्गणी घ्यायला मार्चमध्ये कोणी मनाई केलेली नाही.