कारणे द्या (गुण 2)

चौथीत शिवाजी महाराजांचा इतिहास होता तोवर हा विषय आम्हाला जीव की प्राण होता. प्रतापगड होता, आग्र्याहून सुटका होती, शाहिस्तेखानाची बोटं होती. मग माध्यमिक शाळेत आधुनिक इतिहास आला आणि एकदम घोडेच संपले. गनिमी कावा गेला, परिषदा आल्या. शत्रूसुद्धा असा, की चालून येण्याऐवजी तो कायदे करायचा. 1909 चा, 1919 चा, 1935 चा, आणि प्रत्येकाच्या तरतुदी पाठ करायच्या. अफझलखानाच्या कुठे तरतुदी होत्या?

कायदे करणारे साहेब जोडीनेच यायचे. मोर्ले-मिंटो, माँटेग्यू-चेम्सफर्ड. शंकर-जयकिशन आणि लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्यावर पोसलेल्या आम्हा पोरांना वाटे, एकाने कायद्याला चाल लावली असेल, दुसऱ्याने वाद्यमेळ सांभाळला असेल. प्रत्यक्षात मोर्ले लंडनला भारतमंत्री आणि मिंटो इकडे व्हाइसरॉय. सगळा संसार टपालावर. पुढे माँटेग्यू आणि चेम्सफर्ड यांचंही तेच. हे वर्गात कुणी सांगितलं असतं, तर निदान कोणता साहेब कुठे बसायचा एवढं तरी डोक्यात राहिलं असतं.

पण आधुनिक इतिहासाचा खरा राजा म्हणजे ‘कारणे द्या’ हा प्रश्न. जगात कुठेही काहीही घडो, त्याला कारणं तेवढीच, जेवढे त्या प्रश्नाला गुण. पहिल्या महायुद्धाची तर आम्ही परवच्यासारखी म्हणायचो: साम्राज्यवाद, लष्करवाद, गुप्त करार, आक्रमक राष्ट्रवाद. आणि शेवटी, ताटाच्या डाव्या बाजूच्या चटणीएवढं, तात्कालिक कारण: ऑस्ट्रियाच्या युवराजाची हत्या.

त्या चटणीत काय काय होतं, हे मला नीट कळलं ते शाळा सुटल्यावर. 28 जून 1914, साराएव्हो. सकाळी युवराजाच्या ताफ्यावर बाँब फेकला गेला, तो चुकला. तरी दिवसाचे कार्यक्रम चालूच. मग जखमींना भेटायला निघाले, तर ड्रायव्हर नको त्या रस्त्याला वळला. चूक ध्यानात आल्यावर गाडी थांबली, ती नेमकी गाव्ह्रिलो प्रिन्सिप या 19 वर्षांच्या पोरासमोर. त्याच्या हातात पिस्तूल होतं. पुढचं सगळं पुस्तकात आहे. शेजारच्या बाकावरचा माझा मित्र मात्र ड्रायव्हरचं तेवढं शाळेत असतानाच थोरल्या भावाकडून ऐकून आला होता. त्याने विचारलं, ‘‘सर, ड्रायव्हर चुकला नसता तर?’’ सर म्हणाले, ‘‘तर तुझा चार मार्कांचा एक प्रश्न कमी झाला असता. बस खाली.’’

याच युद्धानंतरच्या व्हर्सायच्या तहावर सह्या झाल्या त्यादेखील 28 जूनलाच, 1919 साली. म्हणजे एक तारीख पाठ केली की दोन घटना फुकट! एवढी सवलत असूनही ती कुणी आम्हाला सांगितली नाही. सनावळ्या रडतरडतच घोकायच्या, असा दंडक होता.

पोर्शन हे आणखी वेगळं प्रकरण. आमचे सर 1857 मध्ये इतके रमायचे, की मंगल पांडेची गोळी सुटायला दिवाळी उजाडायची. पुढे पूर्वपरीक्षा डोक्यावर आली की काळ धावत सुटायचा. दुसरं महायुद्ध एका तासिकेत आटोपलं, तेही हजेरी घेऊन. हिटलर पोलंडमध्ये शिरला तेव्हा सरांनी फळा पुसायला घेतला, आणि घंटेच्या आत तो बंकरमध्ये मेला. शीतयुद्ध ‘घरी वाचा’मध्ये गेलं. आमच्या घरी ते चालू होतंच.

सगळ्यात मोठा अन्याय मात्र सुरतेच्या जोड्यावर झाला. 1907 चं काँग्रेसचं अधिवेशन. टिळक बोलायला व्यासपीठावर आले, मंडपात एकच हलकल्लोळ उडाला आणि एक दक्षिणी जोडा हवेतून सणसणत आला. तो सुरेंद्रनाथ बॅनर्जींच्या गालावर बसला आणि तिथून उसळून सर फिरोजशहा मेहतांना लागला. नेव्हिन्सन नावाचा इंग्रज पत्रकार तिथे हजर होता. लाल चामडं, टोकदार चवडा, तळाला शिसं, असं त्या जोड्याचं वर्णन त्याने भक्तिभावाने लिहून ठेवलं आहे. एका फटक्यात दोन मवाळ! आमच्या पुस्तकात काय? तर जहाल आणि मवाळ यांच्यात फूट पडली. दरवर्षी परीक्षेत ‘जोड्या लावा’ हा प्रश्न हमखास यायचा, पण हा जोडा कुणी कधी लावला नाही.

आता माझी पुतणी शिकते. तिच्या नववीच्या पुस्तकात 1960 नंतरचा भारत आहे. म्हणजे मी स्वतःच अभ्यासक्रमाला लागलो आहे. परवा तिला गिरणी कामगारांच्या संपाची कारणं हवी होती. मी म्हटलं, पुस्तक कशाला, आपल्या मजल्यावर आजोबा राहतात, तेच संपात होते. आजोबा खुशीत आले. बोनसपासून सुरुवात झाली. मग बदली कामगार, मग पगार, मग मान्यताप्राप्त युनियनवरचा राग, मग डॉक्टर दत्ता सामंतांना साकडं घालायला कोण कोण गेलं ते नावानिशी. मध्ये चहा झाला. 18 जानेवारी 1982 च्या सकाळपर्यंत यायलाच तासभर लागला.

पुतणीने वहीवर पेन ठेवलं. ‘‘आजोबा, दोनच मार्कांना आहे हो.’’

‘‘मग निम्मंच लिही,’’ आजोबा म्हणाले.

‘‘बरं, संप संपला कधी तेवढं सांगा.’’

‘‘संपला? अगं, तो रीतसर मागे कुणी घेतलाच नाही!’’

पुतणीने माझ्याकडे पाहिलं. ‘‘काका, मग कंसात शेवटचं साल काय लिहू?’’